पापणी पडते, गाठ छातीत

धाराशिवकडच्या शेतकऱ्याला पापणी पडण्याचा एक अर्थ चांगला ठाऊक आहे: पान लागले, म्हणजे साप चावला. नागाचे विष स्नायूंवरच्या ॲसिटिलकोलीन ग्राहकांना, म्हणजे मज्जातंतूचा निरोप झेलणाऱ्या रेणूंना, चिकटते. मज्जातंतूची आज्ञा स्नायूपर्यंत पोचत नाही, डोळे मिटू लागतात, जीभ जड होते, शेवटी श्वास अडतो.

मायस्थेनिया ग्रॅव्हिसमध्ये हेच ग्राहक आपल्याच शरीरातली प्रतिपिंडे निकामी करतात. विष काही तासांत काम करते, हा आजार मात्र महिनोन्‌महिने लपंडाव खेळतो. सकाळी माणूस ठणठणीत. दिवस कलला की पापणी जड, एकाचे दोन दिसतात, भाकरी चावताना जबडा थकतो. घटकाभर पडले की पुन्हा बरे! मग घरचे आळशी ठरवतात, नाहीतर चष्म्याचा नंबर बदलून आणतात. अमिताभ बच्चन यांना 1984 मध्ये हाच आजार झाला होता.

या आजाराचे गूढ उकलायला पुन्हा सापच कामी आला. 1973 मध्ये अमेरिकी संशोधकांनी मण्यारीच्या जातकुळीतल्या एका सापाच्या विषाने रुग्णांच्या स्नायूंतले ग्राहक मोजले. ते फार कमी भरले. आज या आजारावर देतात ती पायरिडोस्टिग्मिनची गोळी आणि नागदंशावर वापरतात ते निओस्टिग्मिनचे इंजेक्शन, दोन्ही एकाच कुळातली.

पण प्रतिपिंडे बिथरतात कशामुळे? संशय छातीच्या मधल्या हाडामागच्या थायमस ग्रंथीवर जातो. रोगप्रतिकारक टी-पेशी आपले-परके ओळखायला शिकतात त्या तिथेच. वयात आल्यावर ही ग्रंथी आक्रसते, म्हणून डॉक्टरांनीही तिला बराच काळ मोजले नाही. मायस्थेनियाच्या 10 ते 15 टक्के रुग्णांत तिथे थायमोमा ही गाठ सापडते. उलट थायमोमा झालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांना मायस्थेनिया असतो. 1936 मध्ये आल्फ्रेड ब्लेलॉक यांनी एका 19 वर्षांच्या मुलीची अशी गाठ काढली आणि तिची ताकद परतू लागली. मात्र शस्त्रक्रियेने सगळ्यांचा आजार लगेच जात नाही, गोळ्या बऱ्याचदा चालूच ठेवाव्या लागतात.

म्हणून निदान पक्के झाले की छातीचा सीटी स्कॅन टाळू नका, त्यासाठी सोलापूर गाठावे लागले तरी. आणि ताप-खोकल्यासाठी गावातल्या दवाखान्यात गेलात तर आजाराचे नाव आधी सांगा: जेंटामायसिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन, अझिथ्रोमायसिन ही नेहमीची औषधे या रुग्णाचा श्वास अडवू शकतात.