प्रेमाच्या नाटकात गाठ कशी बसते

नागपूरहून छिंदवाड्याच्या रस्त्याला लागलं की तासाभरात सावनेर येतं. २३ जानेवारी १९१९ रोजी राम गणेश गडकरी इथं गेले, क्षयानं. वय अवघं तेहेतीस. अंगात ताप मुरलेला, खोकला थांबत नाही, आणि हा माणूस शेवटच्या दिवसांत कसलं नाटक पुरं करत होता? तर माणसं लग्नासाठी कशी उतावीळ होतात, रुसतात, फसतात, याचं. तेच ‘भावबंधन’. ‘गोविंदाग्रज’ या नावानं ज्यानं महाराष्ट्राला प्रेमाच्या कविता दिल्या, त्याला स्वतःच्या संसारात सुख फारसं लाभलं नव्हतं, हे लक्षात ठेवून ते वाचावं.

प्रेमाचं विनोदी नाटक चालतं कसं, हे उलगडून बघायला ‘भावबंधन’ सोयीचं आहे, कारण त्याचे सांधे दिसतात.

दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे आणि वाटेत काहीच नाही, तर पहिल्याच अंकात मंगलाष्टका म्हणाव्या लागतील. म्हणून अडथळा हवा. आजच्या सिनेमात तो बहुधा त्या दोघांच्या मनातच असतो. सतीश राजवाडे यांचा ‘मुंबई-पुणे-मुंबई’ (२०१०) आठवा: नकार द्यायला आलेली मुलगी, पुण्यातला एक दिवस, आणि नायक-नायिकेला नावंसुद्धा नाहीत. त्यांच्याच ‘प्रेमाची गोष्ट’मध्ये (२०१३) अतुल कुलकर्णींचा नायक सिनेमालेखक आहे. संसार मोडला तरी प्रेमावरचा त्याचा विश्वास काही जात नाही. दोन्हीकडे घरचे नावापुरते.

गडकऱ्यांच्या काळात असं चालणं शक्यच नव्हतं. लग्न दोन घरांचं असे. त्यामुळे अडथळाही घरातून येई: पैसा, अब्रू, बापाचा शब्द. ‘भावबंधन’मध्ये श्रीमंतीच्या तोऱ्यातली लतिका घनश्यामचा अपमान करते, आणि तो सूड घ्यायला निघतो. तो प्रेमिकांना थेट हात लावत नाही. वडीलधाऱ्यांची अब्रू मुठीत धरतो. मग मुलींपुढे पेच पडतो, बापाला वाचवायचं की आपलं मन राखायचं? इथं नाटक जवळजवळ शोकांतिकेच्या काठावर येतं, आणि ते तिथं यावंच लागतं. खरी भीती नसेल तर हसण्याला मोल राहत नाही.

आता विनोद कुठं बसवायचा? कच्चा लेखक तो तोंडी लावायला ठेवतो: गंभीर प्रवेश, मग एक विदूषक, मग पुन्हा गंभीर प्रवेश. गडकरीही कधीकधी तसंच करतात, खोटं कशाला बोला. पण ‘भावबंधन’मधला कामण्णा तसा नाही. तो लग्नाला हपापलेला आहे, म्हणजे नायकाला जे हवंय तेच त्यालाही हवंय. फक्त नायक ते सुंदर भाषेत मागतो आणि कामण्णा उघडपणे. एकाच इच्छेचे हे दोन आरसे समोरासमोर ठेवले की कामण्णाला हसता हसता प्रेक्षक नायकाकडेही जरा संशयानं बघू लागतो.

हे कसब गडकरी एकट्यानं शिकले नाहीत. त्यांचे गुरू श्रीपाद कृष्ण कोल्हटकर १८७१ साली नागपुरात जन्मले. पुढं वऱ्हाडात वकिली करता करता त्यांनी ‘सुदाम्याचे पोहे’ लिहिले आणि नाटकांत वेषांतराचे, घोटाळ्यांचे डाव रचले. त्यांच्या ‘मूकनायक’मधला नायक तर मुकेपणाचं सोंग घेतो. प्रेमाच्या नाटकात नायकाचं तोंडच बंद! कोल्हटकरांचे बंडूनाना पुढं गडकऱ्यांनी ‘बाळकराम’ या टोपणनावाच्या लेखांत नेले, आणि ठकीसाठी स्थळ शोधणं ही एखाद्या लष्करी स्वारीसारखी मोहीम करून टाकली.

या विनोदाचं मुख्य हत्यार कोटी. ती चालते कशी? एकच शब्द दोघं ऐकतात आणि दोघं आपापल्या सोयीचा अर्थ घेतात. आपल्याकडचाच ‘स्थळ’ शब्द घ्या. मुलीकडचे स्थळ पाहायला येतात. घर पाहतात, गच्ची पाहतात, मागची विहीर पाहतात, सातबारासुद्धा पाहतात. मुलगा तेवढा पाहायचा राहतो. हसू येतं ते शब्दाचं, पण टोचतो तो व्यवहार. (पाहुण्यांपुढे पोहे येतात तेही बिनतर्रीचे. एरवी तर्रीशिवाय घास न उतरणारं नागपुरी घर त्या दिवशी भलतंच सोज्वळ होतं. साक्षगंध झालं की तर्री परत येते.)

वाचताना एक गोष्ट मात्र विसरायला होते. तेव्हा बायकांच्या भूमिका पुरुष करत. बळवंत संगीत मंडळीनं ‘भावबंधन’ केलं, त्यात लतिका होते मास्टर दीनानाथ मंगेशकर आणि घनश्याम होते चिंतामणराव कोल्हटकर. प्रेमप्रवेशात जवळीक दाखवायला वावच नव्हता. जे काय व्हायचं ते बोलण्यात आणि गाण्यात. गडकऱ्यांची वाक्यं लांबलचक, अलंकारांनी लगडलेली का, याचं निम्मं उत्तर इथं आहे: स्पर्शाचं काम शब्दांनी करायचं होतं. उरलेलं निम्मं उत्तर, त्यांना आवरता येत नसे. माझ्या मते तिसऱ्या अंकापासून निदान चौथा हिस्सा कापला तरी नाटकाचं काही बिघडत नाही.

शेवटी गाठ सोडवायची. इथं गडकरी युक्ती कमी आणि मन जास्त वापरतात. लतिकेचा तोरा उतरतो, घनश्यामला पश्चात्ताप होतो. आजच्या प्रेक्षकाला हा बदल घाईचा वाटेल, आणि तो थोडा घाईचा आहेच.

प्रयोग रंगमंचावर आला तेव्हा गडकरी नव्हते. कामण्णाची भूमिका दिनकर ढेरे या नटानं केली. ती इतकी गाजली की ढेरे हे आडनाव लोक विसरले, आणि ते कायमचे दिनकर कामण्णा झाले.