हिरवा दिवा लवकर लागला तर

बारामतीजवळच्या माळेगाव बुद्रुकच्या शिवारात सौरऊर्जा म्हटलं की आधी डोळ्यांपुढे येतो तो सौरपंप. पण त्याला बॅटरी नसते. ऊन आहे तोवर मोटर फिरते, ढग आला की मंदावते, संध्याकाळी थांबते. साठवायचं ते पाणी, वीज नव्हे. साखर कारखान्यात बगॅसवर तयार होणाऱ्या विजेचंही तेच; स्वतःची गरज भागली की उरलेली थेट महावितरणच्या तारांत. बॅटरी लागते ती रात्रीच्या कामांना. रानडुकरांपासून ऊस राखणारं झटका मशीन, वस्तीवरचा पथदिवा, गोठ्यातला बल्ब, किडींसाठी लावलेला प्रकाशसापळा. या प्रत्येकात पॅनल आणि बॅटरी यांच्यामध्ये हाताच्या पंजाएवढा एक डबा बसलेला असतो. त्याचं नाव चार्ज कंट्रोलर. सगळ्या जोडणीत सर्वांत स्वस्त वस्तू बहुधा हीच, आणि बॅटरी किती वर्षं टिकणार हे बरंचसं तिच्याच हातात.

बारा व्होल्टचं म्हणून विकलेलं पॅनल उन्हात मोकळं ठेवलं तर 21-22 व्होल्ट दाखवतं. ते बॅटरीला सरळ जोडलं तर बॅटरी भरल्यावरही करंट आत जातच राहतो, आम्लातल्या पाण्याचा वायू होऊन उडून जातो आणि आतल्या प्लेटा उघड्या पडतात. कंट्रोलर हे होऊ देत नाही. सकाळी तो येईल तेवढा करंट बॅटरीत जाऊ देतो. व्होल्टेज 14.4च्या आसपास पोचलं की तिथेच धरून ठेवतो, करंट हळूहळू कमी होत जातो आणि मग 13.6च्या जवळपास नुसती राखण चालते. रात्री बॅटरी 11 व्होल्टच्या आसपास उतरली की तो लोड तोडतो. तेव्हा कुंपण मरतं, आणि शिव्या खातं झटका मशीन.

उन्हाळ्यात आणखी एक भानगड असते. शिसं-आम्ल बॅटरी जितकी तापते तितक्या कमी व्होल्टेजला भरते. 25 अंशांच्या वर प्रत्येक अंशामागे साधारण 20 ते 30 मिलिव्होल्ट कमी करावे लागतात. एप्रिलमध्ये बारामतीकडे पारा चाळिशीला टेकला की हा फरक 0.4 व्होल्टच्या घरात जातो. चांगल्या कंट्रोलरला यासाठी वायरच्या टोकाला सेन्सर असतो, तो बॅटरीला चिकटवायचा. स्वस्त डब्यात सेन्सर असलाच तर आतच असतो, म्हणजे तो स्वतःचाच ताप मोजत बसतो.

आता देखरेखीचं. बहुतेकांची देखरेख म्हणजे येताजाता हिरव्या दिव्याकडे नजर टाकणं. दिवा लागला, म्हणजे बॅटरी भरली. पण हाच दिवा फसवतो. पूर्वी दुपारी एकला भरणारी बॅटरी तेवढ्याच लोडवर आता साडेनऊलाच भरली असं दाखवत असेल, तर खूश होण्यात अर्थ नाही. प्लेटांवर सल्फेट धरलं की बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो, थोडा करंट गेला तरी व्होल्टेज झपकन चढतं. कंट्रोलरला आतली साठवण दिसत नाही, दिसतं ते व्होल्टेज. तो प्रामाणिकपणे 'भरली' म्हणतो. भरलेलं असतं ते आटत चाललेलं भांडं, आणि रात्री दहा-अकरालाच लोड तुटतो. बॅटरी एका रात्रीत 'बसत' नाही. बसायच्या कितीतरी आधी डबा सांगत असतो, फक्त विचारणारं कोणी नसतं.

विचारायचं काय? दोनच गोष्टी: पहाटे उजाडण्याआधीचं व्होल्टेज आणि बॅटरी भरल्याची वेळ. पहाटे लोड बंद करून बॅटरीला थोडी विश्रांती द्यावी आणि मग मल्टिमीटर लावावा. 12.7 म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे अर्धी. दुपारी 14 दिसलं तर त्याचा काही अर्थ नाही, तो पॅनलचा दाब असतो. पडदा असलेले बरेच कंट्रोलर दिवसाचं कमीत कमी आणि जास्तीत जास्त व्होल्टेज आणि आत-बाहेर गेलेले अँपिअर-तास जपून ठेवतात. काहींना मोबाइलवर बघायला ब्लूटूथ असतं. अभियांत्रिकीची मुलं ईएसपी32 आणि दोन रेझिस्टर लावून हाच आलेख फोनवर आणतात. कौतुकच आहे. पण भरलेली आणि अर्धी यांत फरक जेमतेम अर्ध्या व्होल्टचा, आणि त्या चिपचं मोजमाप मुळातच थोडं वाकडं. मल्टिमीटरशी ताडून न घेतलेला आलेख नुसताच देखणा.

पाण्याच्या बॅटरीत यापेक्षा जुनं आणि जास्त खरं बोलणारं साधन चालतं: हायड्रोमीटर. रबरी फुगा दाबून आम्ल काचेच्या नळीत ओढायचं आणि तरंगणाऱ्या काट्यावरचा आकडा वाचायचा. भरलेल्या ट्यूब्युलर बॅटरीत तो 1.240च्या जवळपास असतो. खरी गंमत सहा घरं वेगवेगळी तपासण्यात आहे. पाच घरं 1.230 दाखवतायत आणि एक 1.160, म्हणजे दुखणं त्या एका घरात. कंट्रोलरला सहा घरांची बेरीज तेवढी कळते.

नव्या पथदिव्यांत लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी येते. तिथे व्होल्टेज वाचून फारसं हाती लागत नाही. तीस टक्के भरलेली असो की ऐंशी, आकडा 13.2च्या आसपासच रेंगाळतो. तिथे गेलेला-आलेला करंटच मोजावा लागतो. त्यात ही बॅटरी दिव्याखालीच, खांबाच्या टोकाला. चोरीच्या दृष्टीने शहाणपणाचं, देखरेखीच्या दृष्टीने अवघड. मला गंमत वाटते ती वेगळीच. 2019 साली आलेल्या पीएम-कुसुम योजनेत बिनबॅटरीच्या पंपांवर दूरवरून लक्ष ठेवायची सोय बंधनकारक आहे. बॅटरी वागवणारा पथदिवा मात्र खांबावर बऱ्याचदा एकटाच.

अशी दूरवरची देखरेख शेतातल्या हवामान केंद्रांना जमते. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने उसात कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग केला, त्याचा भरवसा उपग्रहाइतकाच शेतातल्या सेन्सरांवर आणि हवामान केंद्रांवर. शेतात एकटं उभं असलेलं असं केंद्र साधारणपणे छोट्या पॅनलवर आणि बॅटरीवर चालतं. नीट बांधलेलं केंद्र तापमान, आर्द्रता, पाऊस यांच्यासोबत स्वतःच्या बॅटरीचं व्होल्टेजही पाठवतं. त्या रकान्यातला आकडा दर पहाटे थोडा थोडा खाली येताना दिसला की माणूस पाठवायचा, माहिती बंद पडायची वाट बघायची नाही. श्रावणातल्या ढगाळ आठवड्यात ही उतरण सर्वांत लवकर लक्षात येते.

एक सावधगिरी. आकडा खाली आला म्हणजे दरवेळी बॅटरीच गेली असं नसतं. चार्जिंग चालू असताना आधी कंट्रोलरच्या टर्मिनलवर मोजा, मग थेट बॅटरीच्या खांबांवर. दोन्हींत 0.3 व्होल्टहून जास्त तफावत असेल तर चोर वाटेत आहे: बारीक वायर, ढिला लग किंवा टर्मिनलवर साचलेली पांढरी भुकटी. वायर सोडताना पॅनल आधी, बॅटरी नंतर. जोडताना बॅटरी आधी. क्रम चुकला तर कंट्रोलर जळू शकतो. टर्मिनल कोमट पाण्यात खायचा सोडा घालून धुवायचं, कोरडं करायचं, घट्ट आवळायचं, वरून व्हॅसलीन लावायचं. नवी बॅटरी आणायला बारामतीला जाण्याआधी हे करून बघावं.