गाडा, शिंग आणि जामगी

अवचितगड, सुरगड, घोसाळगड. रोह्याच्या आसपासच्या या गडांवर तोफा दिसतात, पण मूळचा लाकडी गाडा एकीखालीही नाही. 1818 मध्ये कर्नल प्रॉथरच्या फौजेने कोकणातले किल्ले घेतले, शिबंदी खाली उतरली आणि नुसते वजनदार लोखंड तेवढे वर राहिले. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलत लाकूड कितीसे टिकणार? अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात यॉर्कशरच्या लो मूर कारखान्यातल्या दोन तोफा चाकांवर उभ्या आहेत, त्या गाडे लोखंडी आहेत म्हणून.

घरातल्या हत्यारांची गत वेगळ्या वाटेने तीच झाली. 1878 च्या शस्त्र कायद्याने बंदुकीला परवाना आला. पेण-रोह्याकडे रानडुकरांपासून शेत राखायला ठासणीची बंदूक होतीच, ती कागदावर चढली. निवडणूक आली की आजही ती पोलीस ठाण्यात जमा होते. पण दारूचे शिंग, छर्‍यांची पिशवी, ठासायचा गज, बार पेटवायची वात म्हणजे जामगी, यांची नोंद कोण ठेवणार? पुढे 1959 च्या कायद्याने तर निकामी जुनी हत्यारे आणि सुटे किरकोळ भाग बर्‍याच अटींतून मोकळे केले. 1972 च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांपलीकडची वस्तू खासगीरीत्या देशाबाहेर नेण्याला बंदी आली. म्हणजे बाहेर जाण्याची वाट अडली, घरातल्या वाळवीची नाही.

दारूचे शिंग जवळून पाहावे. रुंद तोंडाला लाकडी बूच, निमुळत्या टोकाला पितळी तोटी, काहींना स्प्रिंगची झडप. बोटाने तोटी दाबायची, शिंग उलटे करायचे, झडप उघडून मिटायची की एका बाराची दारू तोटीत मापून येते. बिघाड सुरू होतो तो बुचापाशी. लाकूड आणि शिंग एकाच मापाने आकसत-फुगत नाहीत, मग काठाला चीर जाते आणि तिथून शिंगाचे पापुद्रे सुटतात. शिंग आणि केस एकाच द्रव्याचे, त्यामुळे लोकर खाणारे किडे त्यालाही सोडत नाहीत. शिंग अडकवायच्या पट्ट्याच्या चामड्यावर बुरशी येते ती वेगळीच.

आणि दुरुस्ती? पूर्वी घरीच व्हायची: लाख, सरस, तांब्याची तार. यातला सरस आजचे संवर्धकही नाकारत नाहीत, कारण पुढे कुणाला तो सोडवता येतो. झटपट चिकटणारा डिंक सहजासहजी सोडवता येत नाही आणि पुढची चीर त्याच्या शेजारीच पडते. दसर्‍याला शस्त्रपूजेआधी चिंच-राखेने पितळ घासायचे, शिंगाला खोबरेल चोळायचे, वर हळदकुंकू. वर्षातून एकदा वस्तूवर हात फिरायचा हे खरे, पण त्याच हाताने तोटीवरची नक्षीही झिजवली. पेण तर रंगकामाचे गाव; तिथे डबा हाताशी असला की शिंगावर काळा ऑइलपेंट फिरवायचा मोह व्हायचाच.

माझ्या मते सर्वात वाईट काळ हा अलीकडचाच. चुलीवरच्या माळ्यावर धूर होता, ऊब होती. ओल आणि किडा दोन्ही दूर राहायचे. गॅस आला, वर स्लॅब पडला, शिंग प्लास्टिकच्या पिशवीत घालून लोखंडी कपाटात गेले आणि पहिल्याच आषाढात आतून घामेजले.

गडांवर मात्र गेल्या काही वर्षांत हालचाल दिसते. सह्याद्री प्रतिष्ठानसारख्या संस्थांनी राज्यात अनेक किल्ल्यांवर सागवानी तोफगाडे बसवले. तोफ ओल्या मातीवरून उचलली गेली, हे मोठेच काम. पण नवा गाडा हा आधार आहे, पुरावा नव्हे. इथली तोफ नेमकी अशाच गाड्यावर होती असे तो सांगू शकत नाही, म्हणून त्यावर बसवल्याचे वर्ष कोरलेले बरे. तोफेला काळा रंग फासला की मात्र गंज झाकतो, थांबत नाही. मिठाचा अंश रंगाखालून आपले काम चालूच ठेवतो. आधी क्षार काढायचे, मग टॅनिक आम्लाचा हात, मग मेणाचा, आणि हे सगळे पुरातत्त्व खात्याच्या परवानगीने.

घरच्या शिंगाला इतका खटाटोप लागत नाही. प्लास्टिकऐवजी धुतलेले सुती कापड, जवळ सिलिका जेलची पुडी, आणि तेल अजिबात नको. त्याआधी एक गोष्ट मात्र तपासावी: आत दारू शिल्लक आहे का. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेटते, तेव्हा तोटी सैल झाली म्हणून डाख द्यायला थेट कासाराकडे नेऊ नये.