चिंधी पांढरी निघेस्तोवर

खंडेनवमीची सकाळ. ओसरीवर गोणपाट अंथरलेलं. त्यावर तेलाची डबी, जुना दात घासायचा ब्रश, सुती कापडाच्या चिंध्या आणि एका वाटीत जवसाचं तेल. बाहेर आंबिया बहाराच्या संत्र्यांवर नुकता पिवळा रंग चढू लागलेला. मध्य प्रदेशच्या सौसर-पांढुर्णा पट्ट्यातल्या या घरातले आजोबा फौजेतून परतून शेतीत रमले, त्याला बराच काळ लोटला. पीकसंरक्षणासाठी परवान्यावर घेतलेली 315 बोअरची रायफल मात्र ते अजूनही पलटणीत शिकले तशीच साफ करतात.

रायफल हातात घेतली की तिचं तोंड अंगणातल्या रिकाम्या भिंतीकडे. मॅगझिन काढलं, बोल्ट मागे ओढला, चेंबरमध्ये पाहिलं. तेवढ्यावर भागत नाही; करंगळी आत घालून चाचपलं. काडतुसांची पेटी आतल्या खोलीत, कुलपात. मग रायफल नातवाच्या हाती देताना पुन्हा तेच सगळं त्याच्याकडून करवून घेतलं.

“आजोबा, आत्ताच तर पाह्यलं ना तुम्ही!”

“मी पाह्यलं. तू कुठं पाह्यलं? रिकामी हाय असं कोनी सांगतलं तरी आपुन पाहाच लागते.”

315 बोअरचा इतिहास इंग्रजी अमलाशी जोडलेला आहे. लष्कराच्या .303 रायफलीची गोळी सामान्य माणसाच्या हाती पडू नये, हे सरकारचं धोरण होतं. त्यामुळे मॅनलिकर या ऑस्ट्रियन बनावटीच्या 8 मिलिमीटर काडतुसावर बेतलेली ही वेगळी गोळी हिंदुस्थानातल्या शिकाऱ्यांत रुळली. रायफलीची यंत्रणा मात्र ली-एन्फिल्डच्याच घराण्यातली. म्हणून फौजी हाताला ती अनोळखी वाटत नाही: बोल्ट पूर्ण मागे, त्याचं डोकं वर उचललं, की बोल्ट अलगद बाहेर.

आता पुलथ्रू. एका टोकाला पितळी वजन आणि दुसऱ्या टोकाला फासा असलेली ही दोरी. फाशात तेलाचं बोट लावलेली चिंधी अडकवायची, वजन चेंबरकडून नळीत सोडायचं आणि ते तोंडातून बाहेर आलं की एका दमात सरळ ओढायचं. दोरी तिरपी ओढली तर ती नळीच्या तोंडाची कड घासत राहते. वर्षानुवर्षं असं झालं की तिथं खाच पडते आणि गोळी बाहेर पडताना एका बाजूला ढळते. नातू दोन्ही हातांनी रायफल धरतो, आजोबा ओढतात.

वर्षभरात या रायफलीतून एकही गोळी सुटलेली नाही. तरीही पहिली चिंधी तपकिरी निघाली.

बंदूक चालवून खराब होते, असा समज असतो. या मुलखात ती ठेवून ठेवून खराब होते. पावसाळ्याचे चार महिने दमट हवा नळीत बसते, आणि आतल्या पिळाच्या खाचांतून गंजाचा पहिला ठिपका धरतो. चामड्याच्या खोळीत जपून ठेवलेली रायफल तर आणखी लवकर गंजते, कारण चामडं ओल धरून ठेवतं. गोळ्या झाडल्यानंतरची गोष्ट वेगळी. जुन्या काडतुसांच्या टोपीतली दारू जळली की नळीत मिठासारखा क्षार उरायचा. तो हवेतलं पाणी ओढतो आणि तेलात विरघळत नाही. म्हणून त्या काळी सैनिक नळीत आधी उकळतं पाणी ओतत; क्षार वाहून जायचा, तापलेलं पोलाद आपोआप कोरडं व्हायचं, आणि मगच तेलाचा हात.

सातपुड्याच्या याच अंगाखांद्यावर एके काळी शिकारी साहेबांचे तळ पडत. ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ हे जेम्स फोर्साइथचं पुस्तक 1871 चं. शिकारी रायफलीवरही त्याने स्वतंत्र पुस्तक लिहिलं होतं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौसेच्या शिकारीला आळा बसला, आणि ते योग्यच झालं. आता मक्यात, भुईमुगात रानडुकरं शिरली तरी अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय चाप ओढता येत नाही. रात्र निभावते ती जागलीवर, फटाक्यांवर आणि डब्याच्या आवाजावर.

दुसरी चिंधी फिकट, तिसरी करडी. चौथी पांढरी निघाल्यावर आजोबांनी नळी उजेडाकडे धरली आणि मागून डोळा लावला. पीळ गोल फिरत तोंडापर्यंत लख्ख दिसला पाहिजे. इथे फक्त गंज बघायचा नसतो. कुंभारीण माशी नळीच्या तोंडात मातीचं घर बांधते, कधी एखादी चिंधीच आत अडकून राहते. अशा नळीतून गोळी झाडली तर नळी फुगते किंवा फुटते, आणि चालवणाऱ्याचा हात, डोळा जातो. उजेडाची ही एक नजर कधीच चुकवू नये.

जवसाचं तेल फक्त लाकडाला. तळहाताने दस्त्यावर थेंब थेंब चोळायचं, तळवा गरम होईपर्यंत. ते हवेने सुकतं आणि लाकडावर पातळ पापुद्रा धरतं. हाच गुण पोलादाला नडतो, कारण बोल्टमध्ये ते चिकट होऊन बसतं. तिथं बंदुकीचंच पातळ तेल, तेही पुसून उरेल तेवढं. चेंबर तर वापरण्याआधी कोरडं करावंच लागतं. तेलकट चेंबरमध्ये काडतूस भिंतीला धरत नाही आणि स्फोटाचा सगळा रेटा बोल्टवर येतो.

2023 साली खंडेनवमीची शस्त्रपूजा रायफलीविना झाली होती. विधानसभेची आचारसंहिता 9 ऑक्टोबरला लागली आणि रायफल ठाण्यात जमा झाली. दसरा होता 24 ला. पाटावर विळा, कुऱ्हाड आणि परवान्याची पुस्तिका मांडून पूजा झाली. लोकसभेला रायफल पुन्हा जमा. दोन्ही वेळा रायफल घरी आली, तेव्हा आजोबांनी आधी पावतीवरचा नंबर जुळवला, मग जेवणाआधीच पुलथ्रू काढला.

यंदा ती पाटावर आहे, बोल्ट काढलेली. सुनेने हळदकुंकवाचं बोट नळीकडे नेलं, तसं आजोबांनी हळूच तिचा हात दस्त्याकडे वळवला. ओलं कुंकू पोलादावर डाग धरतं. संध्याकाळी तेही पुसलं जाईल, बोल्ट बसेल, आणि रायफल खोळीविना लोखंडी कपाटात जाईल, पहिले काही तास तोंड खाली करून, म्हणजे उरलंसुरलं तेल दस्त्याच्या लाकडात मुरणार नाही.