आंबेमोहराचा वास

राजगडाखालचे पाली गाव भाताच्या पट्ट्यातले. या भागात आंबेमोहर शिजू लागला की शेजारच्या घरी वासावरूनच कळते. हा वास येतो कोठून?

भाताच्या पेशीत आठव्या गुणसूत्रावर एक जनुक असते. त्याची आरएनए ही नक्कल निघते. रायबोसोम ती वाचून एक प्रथिन बनवितात. हे प्रथिन वासाचा कच्चा माल दुसऱ्याच पदार्थात बदलते. मग भाताला वास कसा येणार? बहुतेक सुवासिक जातींत मात्र त्या जनुकातील ८ अक्षरे गळालेली आहेत, असे २००५ साली आढळले. त्यामुळे वाचन मध्येच तुटते, प्रथिन अपुरे राहते, कच्चा माल साठतो आणि त्यातून सुगंध तयार होतो.

जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक जरी चालू असली, तरी वास लोपतो. म्हणूनच सुवासिक भाताचे बी शेतकऱ्याने निराळे राखायचे असते.