समुद्राने न बुडविलेले आरमार

ग्वाल्हेरच्या नया बाजारातील मराठी घरांत समुद्राची आठवण होते ती बहुधा नारळी पौर्णिमेच्या नारळीभातापुरती. येथे वाढलेल्या मुलांना ‘गलबत’ या शब्दाचा अर्थ वर्गात समजावून द्यावा लागतो, आणि तोही चंबळेतील नावेचा आधार घेऊन. तथापि आंग्रे हे नाव या शहराला परके नाही. दौलतराव शिंद्यांचे मामा बाबूराव आंग्रे शिंद्यांच्या पदरी होते, आणि आंग्र्यांची एक शाखा पुढे ग्वाल्हेरकर सरदार म्हणूनच ओळखली गेली. त्यांच्या पूर्वजांचे आरमार नष्ट कसे झाले, ही कथा म्हणूनच आपल्याही घरची आहे.

शिडांच्या युगात जहाज फुटणे ही नित्याची आपत्ती होती. वारा पडला तर जहाज प्रवाहाच्या स्वाधीन, आणि वारा उलटला तर किनाऱ्यावरील खडकांच्या. गोव्यात मार्मागोव्याच्या खाडीच्या तोंडाशी सुंची नावाचा खडकांचा पट्टा आहे. तेथे सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात फुटलेल्या एका पोर्तुगीज जहाजाचे अवशेष राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्या संशोधकांनी १९९७ नंतर शोधून काढले. तोफा, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे, घडीव दगड, हस्तिदंत आणि पाणघोड्याचे दात. आफ्रिकेपासून चीनपर्यंतचा व्यापार एका खडकावर आपटून तळाशी गेला होता.

आपल्या कोकणी दर्यावर्दी लोकांना या धोक्याची पूर्ण जाणीव होती. मृगापूर्वी गलबते खाडीत आणावयाची, किनाऱ्यावर ओढून शाकारावयाची आणि नारळी पौर्णिमेस दर्याला नारळ वाहिल्याखेरीज पुन्हा पाण्यात लोटावयाची नाहीत, हा दंडक होता. आरमारी जहाजांचे दोन प्रकार मुख्य. गुराब म्हणजे दोन वा तीन डोलकाठ्यांचे, पुढे निमुळती नाळ काढलेले तोफांचे जहाज. गलबत त्याहून लहान आणि चपळ, वारा नसता वल्ह्यांवर चालणारे. दोन्हींचा तळ उथळ, त्यामुळे इंग्रजांची अवजड जहाजे जेथे रुतत तेथे ही सहज शिरत. विजयदुर्गापासून सुमारे दोन मैल आत, वाघोटन खाडीवर गिर्ये येथे खडकात खोदलेली साडेतीनशे फूट लांबीची गोदी आहे. तेथे या जहाजांची डागडुजी होई.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात (सुमारे १७१५) आरमाराविषयी स्वतंत्र प्रकरण आहे. पावसाळी छावणीसंबंधी अमात्य बजावतात की सारे आरमार एकाच जागी ठेवू नये, निरनिराळ्या ठिकाणी विभागावे, आणि रात्री पाण्यावर व जमिनीवर गस्त ठेवावी. घाटावरच्या मुत्सद्द्याने समुद्राचा एवढा बारकाईने विचार केला, याचे मला नेहमी नवल वाटते.

कान्होजी आंग्रे १७२९ साली वारले. मुलांत भाऊबंदकी माजली, दौलत दुभंगली, आणि विजयदुर्ग अखेर तुळाजीकडे आला. तुळाजी शूर खरा, पण कोणाचेच ऐकणारा नव्हता. पेशव्यांच्या मुलखालाही त्याचा उपद्रव होई. नानासाहेब पेशव्यांनी १७५५ साली मुंबईकर इंग्रजांशी करार करून त्याच्यावर मोहीम काढली. त्याच वर्षी सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसनचे आरमार व क्लाइव्हची पलटण विजयदुर्गापुढे आली. त्या वेळी तुळाजी पेशव्यांच्या छावणीत बोलणी करीत बसला होता.

विजयदुर्गाजवळ पाण्याखाली बांधलेल्या भिंतीवर शत्रूची जहाजे फुटत, अशी लोककथा आहे. संस्थेच्या संशोधकांना तेथे दगडी बांधणी आढळलीही. तिच्या काळाविषयी मात्र तज्ज्ञांत एकमत नाही. ते काही असो, १२ फेब्रुवारीला तिने वॉटसनला अडविले नाही. त्याची जहाजे सरळ खाडीत शिरली. तुळाजीचे एक मोठे जहाज, आठ गुराबा आणि पुष्कळशी गलबते किल्ल्याखाली एकमेकांना दोरखंडांनी जखडून उभी होती. अमात्यांनी केलेली सूचना येथे कोणाला आठवली असती तर! दुपारी चारच्या सुमारास एक तोफगोळा ‘रेस्टोरेशन’वर पडला. हे मूळचे कंपनीचे जहाज १७४९ साली तुळाजीने पाडाव केले होते. त्यावरील आग शेजारच्या जहाजांवर पसरली आणि तासाभरात सारे आरमार भस्मसात झाले. वादळ नाही, खडक नाही. सागवानी जहाजे बंदरात, नांगरावर, जळून पाण्यात बसली.

दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. सुमारे दहा लाखांची लूट इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली; पेशव्यांना तीतून काही मिळाले नाही. ऑक्टोबरात बाणकोट देऊन विजयदुर्ग परत घ्यावा लागला. नानासाहेबांना केवळ दोष देणे सोपे आहे. अनावर सरदाराला वठणीवर आणणे त्यांना भागच होते. परंतु त्यासाठी परक्याचे आरमार आपल्या खाडीत आणले आणि आपले जाळविले, हा व्यवहार मला आजही बोचतो.

पेशव्यांनी विजयदुर्गास पुन्हा आरमार उभारले. आनंदराव धुळपांनी १७८३ साली रत्नागिरीच्या समुद्रात ‘रेंजर’ हे इंग्रजी जहाज पाडाव करून त्याची कर्तबगारी दाखविली. तुळाजी मात्र त्या दिवसानंतर पुन्हा गलबतावर चढला नाही. उरलेली सारी वर्षे त्याने पेशव्यांच्या कैदेत काढली.