घाई मालकाची, जोखीम ड्रायव्हरची

कापडाच्या धंद्यात आम्हा मंडळींना मालाची फिकीर फार. गाठी भिजू नयेत म्हणून ताडपत्री दोनदा बांधून घेतो. पण टेम्पोचा ड्रायव्हर किती तास जागा आहे, हे विचारीत नाही. मीही विचारले नव्हते.

काही वर्षांपूर्वी ऐन लगीनसराईत मालेगावहून माल भरून रात्रीच निघालो. दुकान उघडण्याआधी गाडी नगरात पाहिजे, हा हट्ट माझा. कोपरगाव ओलांडले आणि समोरच्या ट्रकच्या झोताने डोळे दिपले. ट्रक गेला तो पुढ्यात उसाची ट्रॉली! मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. ड्रायव्हरने गाडी कशीबशी साइडपट्टीवर घातली. वाचलो. पाणी पिऊन तो म्हणाला, "चाचा, काल रात्रीही मी गाडीवरच होतो." माझ्याकडे जवाब नव्हता.

तेव्हापासून गाडीबाबतचे आपले गैरसमज तपासू लागलो.

पहिला गैरसमज, हात बसला की गाडी कुठेही थांबते. ताशी 60 किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात सुमारे 17 मीटर जाते. पाय ब्रेकवर पडेपर्यंत तेवढे अंतर गेलेले असते. वेग दुप्पट झाला तर ब्रेक लागल्यानंतरचे अंतर चौपट होते. म्हणून पुढची गाडी ज्या झाडापाशी दिसली, तिथे आपण निदान तीन सेकंदांनी पोहोचावे. रात्री तर दिव्याच्या उजेडात जेवढा रस्ता दिसतो, तेवढ्यात गाडी थांबली पाहिजे.

दुसरा, उतारावर न्यूट्रल केले की डिझेल वाचते. करंजी घाटासारख्या उतारावर सारा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि ऐन वेळी दगा देतात. नव्या इंजिनात तर गिअरमध्येच पाय उचलला की डिझेल जवळजवळ बंद होते. मग बचत कसली?

तिसरा, घाटात उतरणाऱ्याचा हक्क आधी. नियम उलट आहे. रस्ता अरुंद असेल तर चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची.

चौथा, चौकात सरळ जाताना चारी इंडिकेटर लावायचे. बाजूने येणाऱ्याला त्यातला एकच दिसतो, आणि गाडी वळते आहे असे त्याला वाटते. ते दिवे बंद पडलेल्या गाडीसाठी आहेत.

हॉर्नचेही तसेच. ट्रकच्या मागे 'हॉर्न ओके प्लीज' लिहिण्यास महाराष्ट्रात 2015 साली मनाई झाली, पण आपली सवय गेली नाही. हॉर्न सावध करण्यासाठी आहे, हुकूम सोडण्यासाठी नव्हे. समोरून गाडी आली की डीपर देणे हीदेखील मेहरबानी नाही. त्याचे डोळे दिपले तर तो आपल्याच अंगावर येईल.

व्यापारी बांधवांनो, ड्रायव्हर गाडी चालवतो, पण वेग बहुधा आपणच ठरवतो. आता मी निघण्याआधी दोनच गोष्टी पाहतो: मागचे लाल दिवे लागतात का, आणि ड्रायव्हर झोपला होता का. नसेल तर माल उद्या येईल. एक दिवसाचे गिऱ्हाईक गेले तरी परत येते. गेलेला माणूस येत नाही.